फाटकावरचा माणूस

हाउसिंग सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी, असा कायदा आहे. कायदा करणाऱ्यांनी पंचांग उघडलं असेल असं वाटत नाही, पण हिशेब अचूक बसला आहे. बहुतेक वर्षी सप्टेंबरात गणपती जातात, पितृपक्ष लागतो आणि पितृपक्षात कोणी शुभकार्य काढत नाही. त्यामुळे हॉल मोकळा, मंडपवाल्याच्या खुर्च्या मोकळ्या आणि गच्चीवर कावळे हजर, अशा मुहूर्तावर गावोगावच्या सोसायट्यांचे सभासद एकमेकांसमोर येऊन बसतात.

या सभेत टेबलामागे मधल्या खुर्चीत जो माणूस बसतो, त्याच्याविषयी मला कमालीचा आदर आहे. दबावाखाली डोकं शांत कसं ठेवावं, यावर विमानतळावरच्या दुकानात जाडजूड पुस्तकं मिळतात. ती कंपन्यांच्या प्रमुखांनी, निवृत्त सेनानींनी आणि फुटबॉलच्या प्रशिक्षकांनी लिहिलेली असतात. त्यांतल्या एकानेही सोसायटीचं चेअरमनपद सांभाळल्याचं मलपृष्ठावर छापलेलं नसतं. कंपनीच्या प्रमुखासमोर माणसं पगारासाठी गप्प बसतात, सेनानीसमोर कोर्टमार्शलच्या भीतीने. चेअरमनच्या हातात पगारवाढ नाही आणि कोर्टमार्शलही नाही. वर ज्यांचं नेतृत्व करायचं, त्यांच्याबरोबर रोज सकाळी एकाच लिफ्टमधून खाली जायचं. नेपोलियनचे शत्रू निदान दुसऱ्या देशात राहत होते.

सभेची वेळ दहाची असते. उपविधींप्रमाणे गणपूर्तीला एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश किंवा वीस, यांत जे कमी तेवढे लोक लागतात. अर्ध्या तासात तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अडचण उरत नाही. सभासदांना उपविधींमधलं दुसरं काही माहीत नसलं तरी हे कलम पाठ असतं. म्हणून पहिला अर्धा तास चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि साठ खुर्च्या असे एकमेकांकडे बघत बसतात. दबाव खरा तिथे सुरू होतो. समोर माणसं असली की त्यांच्याशी बोलता तरी येतं. रिकाम्या खुर्च्या मात्र आज काय काय निघणार आहे याची आठवण करून देत राहतात.

पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. हा सोपा असावा अशी कल्पना. पण तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर उठतात आणि म्हणतात, “मी ‘विनंती केली’ असं लिहिलंय. मी विनंती केली नव्हती, मागणी केली होती.” यावर वीस मिनिटं जातात. मग हिशेबपत्रकातला ‘किरकोळ खर्च’ निघतो. सिंकिंग फंडातल्या लाखांबद्दल कोणी विचारत नाही, कारण लाख डोळ्यांसमोर येत नाहीत. किरकोळ खर्चातला झाडू मात्र सगळ्यांना दिसतो. नंतर पार्किंग. स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं. त्याआधी ज्यांनी ती पैसे मोजून घेतली, ते हा राग बिल्डरवर काढत नाहीत. बिल्डर सापडत नाही. चेअरमन सापडतो. मग गळती. गच्चीतून गळलं तर सोसायटीचा खर्च, वरच्या घराच्या न्हाणीघरातून गळलं तर वरच्याचा, हे उपविधींत स्वच्छ लिहिलं आहे. पाणी आपला पत्ता सांगत नाही, एवढीच अडचण. आणि सगळ्यांत मोठा आवाज त्याचा, ज्याने वर्षभर मेंटेनन्स भरलेला नाही. थकबाकीवर दरसाल २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येतं. आवाजावर काही लावता येत नाही.

हे सगळं होऊन शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. या ओळीत ‘परवानगीने’ हा शब्द कोणी घातला, त्या विनोदी माणसाला भेटायला आवडेल.

तर अशा सभेत आमचे चेअरमन कधीही ओरडत नाहीत. नवीन आलेले भाडेकरू त्यांना स्थितप्रज्ञ समजतात. (विनोबांनी स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर ती सुप्रसिद्ध व्याख्यानं दिली ती १९४४ साली, सिवनीच्या तुरुंगात. तुरुंगात गैरसोयी पुष्कळ असतील, पण पार्किंगचा प्रश्न नव्हता.) जुन्या सभासदांना मात्र माहीत आहे की हा माणूस चांगला तापट आहे. त्यांचा राग आवाजात उतरत नाही, व्याकरणात उतरतो. शांत असले की ते ‘तुम्ही’ म्हणतात. पारा चढला की ‘आपण’ सुरू होतं. “आपण बसून घ्या” हे ऐकलं की पुढच्या रांगेतली अनुभवी माणसं मोबाइल खिशात ठेवतात. त्याच्या वरची पायरी म्हणजे ते चक्क लेखी मराठी बोलू लागतात. “आपले म्हणणे नोंदवून घेण्यात आलेले आहे.” ‘आलंय’ नाही, ‘आलेले आहे’. ज्या माणसाच्या तोंडून बोलता बोलता सगळे अनुस्वार गळून पडतात आणि एकार येतात, तो माणूस स्फोटापासून फार तर दोन वाक्यं दूर असतो.

त्या दोन वाक्यांच्या फटीत सेक्रेटरीबाई काम करतात.

सेक्रेटरीबाई बँकेतून निवृत्त झाल्या. नोकरीतली बरीच वर्षं काउंटरवर गेली, त्यामुळे रांगेतला कितवा माणूस भांडणार आहे हे त्यांना चेहऱ्यावरून कळतं. चेअरमनांचं पहिलं ‘आलेले आहे’ कानावर पडताच त्या एक कागद त्यांच्यापुढे सरकवतात आणि हळूच म्हणतात, “साहेब, इथे सही राहिलीय.” कागद कसलाही असतो. एकदा तो पाण्याच्या टाक्या साफ करणाऱ्याचं जुनं बिल होतं. पण सही करायची म्हणजे पेन शोधावं लागतं, चष्मा लावावा लागतो आणि मान खाली घालावी लागते. मान खाली घालून भांडता येत नाही, ही मानवी शरीराची रचना आहे. चष्मा काढून चेअरमन वर बघतात तेव्हा ते पुन्हा ‘तुम्ही’वर आलेले असतात आणि तेवढ्यात बाईंनी “चहा आलाय, आधी घेऊ या” असं जाहीर केलेलं असतं.

हे बारकाईने बघायला लागल्यापासून ‘शांत नेता’ असं कोणाबद्दल ऐकलं की माझी नजर त्याच्या शेजारच्या खुर्चीकडे जाते. तिथे कोण बसलंय ते कळल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही.

सुनील गावसकरांचंच बघा. संयमाच्या बाबतीत या माणसाची परीक्षा घेण्याचा अधिकार मर्त्य मानवाला नाही. १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडने ३३४ धावा केल्या आणि उत्तरादाखल गावसकर साठ षटकं उभे राहिले. नाबाद ३६. त्या दिवशी डोकं फिरलं ते प्रेक्षकांचं. फलंदाजाच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. अशा माणसाचं डोकं भर मैदानात फिरू शकतं, असं कोणी पैज लावून सांगितलं असतं तर दादर-माटुंग्यात त्याला कोणी चहासुद्धा पाजला नसता.

फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. गावसकर कर्णधार. मालिकेत आपण एक सामना हरलेलो, पहिल्या डावात १८२ धावांनी मागे. म्हणजे दबाव म्हणतात तो एकदम शास्त्रोक्त. दुसऱ्या डावात गावसकर आणि चेतन चौहान यांनी १६५ धावांची सलामी दिली. गावसकर ७० वर असताना ऑस्ट्रेलियाच्या लिलीचा चेंडू पॅडला लागला आणि पंचांनी बोट वर केलं. गावसकरांचं म्हणणं, चेंडू आधी बॅटला लागला होता. ते बॅट पॅडवर आपटून दाखवू लागले. मग लिली जवळ आला आणि चेंडू कुठे लागला ते बोटाने दाखवू लागला. कोणाला काही समजावून सांगण्याची ही पद्धत जगात आजवर कुठेच यशस्वी झालेली नाही. सोसायटीच्या सभेतही नाही. गावसकर निघाले, जाता जाता मागून काही शब्द आले असं ते पुढे सांगत आले, आणि ते परत फिरले. चौहानजवळ गेले आणि त्याला म्हणाले, चल.

इथे चौहानची स्थिती जरा समजून घ्या. माणूस ऐंशीच्या घरात खेळतोय. आयुष्यात त्याला कसोटी शतक करता आलेलं नाही (पुढेही आलं नाही). तो बाद नाही, त्याचं कोणाशी भांडण नाही, आणि कर्णधार त्याला ढकलत घरी घेऊन चाललाय. कार्यालयात साहेबाने “मी राजीनामा देतोय, तूही दे” असं म्हटल्यावर चेहरा कसा होईल, तसा त्याचा झाला असणार. दोघं सीमारेषेपर्यंत चालत आले. चौहानने ती रेषा ओलांडली असती तर भारताने सामना सोडला असं धरलं जाण्याची वेळ आली असती.

फाटकावर संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी उभे होते. त्यांनी कर्णधाराला समजावलं नाही. खोल श्वास घ्या म्हणाले नाहीत. गावसकरांना जाऊ दिलं आणि चौहानला तिथेच थांबवलं. पुढचा फलंदाज वेंगसरकर आत आला, खेळ सुरू झाला.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. चौहान ८५ वर गेला. ऑस्ट्रेलियाला जिंकायला १४३ हव्या होत्या, दुखऱ्या मांडीने कपिल देवने २८ धावांत पाच बळी घेतले आणि ऑस्ट्रेलिया ८३ वर संपला. ५९ धावांनी विजय, मालिका बरोबरीत. विजयाचं श्रेय कपिलला मिळालं, मिळायलाच हवं. पण धावफलकावर दुराणींचं नाव कुठल्याही रकान्यात येत नाही, कारण ‘फाटकावर उभा राहिला’ असा रकानाच नसतो. गावसकरांनी त्या वागण्याबद्दल नंतर स्पष्ट शब्दांत खेद व्यक्त केला. एवढ्या मोठ्या माणसाने तसं म्हणणं हे मला त्या ३६ धावांपेक्षा अवघड वाटतं, पण तो वेगळा विषय.

धोनीचं उलट झालं. ‘कॅप्टन कूल’ ही पदवी आपण त्याला इतकी घाऊक देऊन टाकली की त्याच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा कमी असावं, असं लहान मुलांना वाटतं. स्वतः धोनी मात्र सांगत आला आहे की मलाही राग येतो, निराशा येते, मी फक्त ती आवरतो. एप्रिल २०१९ मध्ये जयपूरच्या आयपीएल सामन्यात शेवटच्या षटकात पंचांनी नो-बॉलचा इशारा दिला की नाही यावर गोंधळ झाला, आणि बाद होऊन बाहेर बसलेला धोनी थेट मैदानात चालत आला. तिथे दोन पंच, एक हैराण गोलंदाज आणि मधोमध पॅड न काढलेला शांतिदूत, असं ते चित्र होतं. सामन्याच्या मानधनातली निम्मी रक्कम दंडात गेली. सामना शेवटच्या चेंडूवर सॅन्टनरच्या षटकाराने चेन्नईने जिंकलाच. मला एकच दिसलं: दोरीपाशी कोणी नव्हतं. किंवा असेल कोणी, पण धोनी चिडू शकतो हेच त्याला माहीत नसेल. शांत माणसाची ख्याती झाली की हा तोटा होतो, त्याच्यासाठी कोणी फाटकावर माणूस नेमत नाही.

कंपन्यांनी यावर उपाय म्हणून माणसाऐवजी कार्यशाळा नेमल्या आहेत. डॅनियल गोलमन यांचं ‘इमोशनल इंटेलिजन्स’ १९९५ साली आलं, आणि तेव्हापासून लोणावळ्याच्या रिसॉर्टना पावसाळ्याखेरीज दुसरा एक हंगाम मिळाला. तिथे दोन दिवस मॅनेजर लोक गोलाकार बसून आपापल्या भावना ओळखतात. शास्त्र चुकीचं नाही. फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दांत नाव दिलं की बघणाऱ्याच्या मेंदूतली खळबळ जरा उतरते, असं २००७ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं होतं. उलट “एकदा बोलून टाकलं की मोकळं वाटतं” या आपल्या लाडक्या सिद्धान्ताला २००२ च्या एका प्रयोगाने सुरुंग लावला. ज्याचा राग आला त्याला आठवत लोकांना पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, तर राग उतरण्याऐवजी वाढला. गोंधळ होतो तो सोमवारी. कार्यशाळेहून परतलेला साहेब प्रामाणिकपणे म्हणतो, “मला आत्ता थोडा राग येतोय.” त्याने फक्त भावनेला नाव दिलेलं असतं. समोरच्या चौघांना ती नोटीस वाटते. दुपारपर्यंत त्यांतल्या दोघांनी आपापला बायोडेटा अद्ययावत केलेला असतो.

आणि खरोखर फार झालं की साहेब केबिनचं दार लावून घेतात. यात कमीपणा काही नाही. आपल्याकडे याला मोठी परंपरा आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि चार भावंडांत सर्वांत धाकट्या मुक्ताबाईने बाहेर उभं राहून त्यांना ती उघडायला लावली. तिने दाराबाहेरून जे ऐकवलं ते ‘ताटीचे अभंग’ म्हणून वारकऱ्यांच्या तोंडी आहे. ज्यांना पुढे सगळ्यांनी माउली म्हटलं, त्यांना धाकटी बहीण दार वाजवून चार शब्द सुनावते, आणि ते ऐकतात. हल्ली केबिनबाहेर मुक्ताबाई नसते, सेक्रेटरी असतो, आणि तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, “साहेब मीटिंगमध्ये आहेत.” म्हणजे ताटी बाहेरूनही पक्की. सोसायट्यांमध्ये तर ताटीची डिजिटल आवृत्ती निघाली आहे. रात्री साडेअकराला ग्रुपवर कुत्र्यावरून जुंपते आणि अचानक करड्या पट्टीत ओळ उमटते: आता फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात. त्यानंतर चेअरमनांच्या घरातला दिवा बराच वेळ चालू असतो. ही ताटी उघडायला लावणारी घरातच असते. “अहो, झोपा आता, सकाळी बघा,” हा अभंग कुठल्या गाथेत नाही, पण त्याने आजवर किती सोसायट्यांची फूट टाळली असेल याची गणना नाही.

शांतीचा विषय निघाला की पैठणचे एकनाथ महाराज येणारच. कथा अशी सांगतात की नाथांना चिडवून दाखवलंस तर दोनशे रुपये देऊ, असं टवाळांनी एका गरजू ब्राह्मणाला सांगितलं. त्याने बरेच उद्योग केले, नाथ हसत राहिले. शेवटी नाथांच्या पत्नी गिरिजाबाई वाढायला वाकल्या तेव्हा हा गृहस्थ त्यांच्या पाठीवर चढून बसला. नाथ म्हणाले, सांभाळ, पाहुणे पडतील. गिरिजाबाई म्हणाल्या, हरी असाच पाठीवर बसतो, मला सवय आहे. हरी म्हणजे त्यांचा मुलगा. ब्राह्मण शरमला, पैजेचं सांगून मोकळा झाला, आणि नाथांना वाईट वाटलं ते याचं की बिचाऱ्याचे पैसे बुडाले. आधी सांगितलं असतंस तर रागावलो असतो, म्हणाले.

मागणीनुसार रागावण्याची ही तयारी म्हणजे या कलेतलं शेवटचं टोक आहे, आणि ती कीर्तनात ऐकली की श्रोते माना डोलावतात. माझी मान मात्र दरवेळी अर्ध्यातच थांबते. नाथांची शांती थोर खरीच, पण माणूस पाठीवर चढला होता तो गिरिजाबाईंच्या. भार त्यांच्यावर होता, हातात वाढायचं होतं, आणि पाहुण्याची लाज राखणारं वाक्यही त्यांनाच त्या अवस्थेत सुचलं. त्यांनी त्या वेळी नुसतं “अगंबाई!” म्हटलं असतं तरी ही कथा वेगळीच झाली असती.

यंदाच्या सभेनंतर खुर्च्या गोळा होत होत्या. चेअरमनांभोवती सात-आठ जण जमले होते आणि “तुम्ही डोकं फार शांत ठेवता बुवा” असं म्हणत होते. चेअरमन नम्रपणे हसत होते. सेक्रेटरीबाई एका कोपऱ्यात कपबश्या मोजत होत्या, कारण गेल्या वर्षी दोन बश्या कमी भरल्या होत्या आणि तो प्रश्न आज किरकोळ खर्चात निघाला होता. मी जवळ जाऊन विचारलं, “बाई, चार तास तुम्ही त्यांचा राग सांभाळता. तुम्हाला स्वतःला कधी राग येत नाही का?”

“येतो की,” बाई बश्यांवरची नजर न काढता म्हणाल्या. “इतिवृत्त मीच लिहिते ना.”